चुलीला विजेचा ब्लोअर: वारा किती, कुठून आणि बंद कधी

चुलीला ब्लोअर लावला की पहिले आठ दिवस सगळे खूश असतात. जाळ ढणढण पेटतो, फुंकणी कोपऱ्यात जाते, डोळे चुरचुरत नाहीत. मग तक्रारी सुरू होतात. लाकूड पूर्वीपेक्षा जास्त जातंय, रश्श्यावर राख दिसतेय, आणि एखाद्या दिवशी वीज गेली की ब्लोअरमधून जळक्या प्लास्टिकचा वास येतोय. बहुतेक जण यावर आणखी मोठा ब्लोअर आणतात आणि तक्रारीही मोठ्या करतात. या तिन्ही तक्रारींची कारणं तीनच: वारा गरजेपेक्षा जास्त आहे, तो चुकीच्या जागी सोडलाय, आणि वारा थांबल्यावर काय होईल याची सोय केलेली नाही.

इथे दिलेली मापं विटा-मातीच्या पक्क्या चुलीची आहेत. तीन बाजू बंद, एक तोंड, आतली जागा साधारण २५ × २५ सेंमी, वर १० ते २० लिटरचं पातेलं, तासाला दोन ते तीन किलो लाकूड. पुण्याच्या आसपास मुळशी, सासवड किंवा सिंहगडाच्या पायथ्याकडचं शेतघर असो नाहीतर चुलीवरची भाकरी-मटण देणारी छोटी खानावळ, एवढ्यात काम भागतं. लग्नाच्या स्वयंपाकाची भट्टी आणि तंदूर यांना हे आकडे लावू नका. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाला तर ब्लोअर लागतच नाही. त्याच्या मधली नळी हेच धुराडं असतं आणि ती हवा आपोआप ओढते. बंब धुमसत असेल तर आधी ती नळी खरवडा.

१. आधी हवेचा हिशेब

एक किलो वाळलेलं लाकूड पूर्ण जळायला साधारण पाच किलो हवा लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा ३० अंशाला घनमीटरमागे १.१ किलोच्या आसपास भरते. म्हणजे किलोभर लाकडाला साडेचार घनमीटर हवा झाली. चुलीत हवा आणि धूर नीट मिसळत नाहीत, म्हणून दीडपट धरायची: सात घनमीटर. तासाला तीन किलो लाकूड जळत असेल तर २१ घनमीटर.

ब्लोअरवर आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असा छापलेला असतो. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर, त्यामुळे आपली एकूण गरज १२ सीएफएमची निघते. त्यातली निम्मी हवा चुलीच्या उघड्या तोंडातून फुकट येते. ब्लोअरने द्यायची उरली फक्त ६ ते ८ सीएफएम. दुकानात ‘भट्टीचा ब्लोअर द्या’ म्हणालात तर १०० सीएफएमच्या पुढचाच हातात पडेल. पातेल्यात पडणारी राख तिथूनच येते.

आता हवा कुठे द्यायची ते पाहू. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन बाहेर पडतो. पिवळा जाळ दिसतो तो याच वायूचा. मागे राहतो तो कोळसा. सगळा वारा जाळीखालून मारला तर निखारे लालभडक होतात, लाकडातून वायू भराभर सुटतो, पण वर त्याला जळायला हवा पुरत नाही. तो धूर होऊन पातेल्याखालून निसटतो आणि जाताना बुडाला काजळी फासून जातो. लोहाराच्या भट्टीत वारा खालून चालतो, कारण तिथे लोणारी कोळसा किंवा कोक असतो आणि त्यात सुटायला वायू फारसा उरलेलाच नसतो. लोहाराचं बघून चुलीला नळी लावणारे इथेच फसतात.

म्हणून नियम असा: साधारण चार भाग हवा वरून, पातेल्याच्या बुडाखाली, आणि एक भाग खालून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रचना झालेली ‘ऊर्जा’ शेगडी बाजारात आली, तिच्यातही पंख्याची हवा अशीच वर आणि खाली विभागलेली होती.

२. सामान, आणि ते कुठे मिळेल

ब्लोअर आणि विजेचं सामान पुण्यात तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं. पाइप, फिटिंग, नट-बोल्ट बोहरी आळीत. वेल्डिंगसाठी नऱ्हे, धायरी किंवा भोसरीकडचं कोणतंही फॅब्रिकेशनचं दुकान चालेल. काम तासाभराचं आहे, पण चित्र काढून न्या. तोंडी सांगितलं तर यू-पाइपऐवजी खिडकीची जाळी मिळेल.

– गोगलगायीच्या आकाराचा १२ व्होल्टचा डीसी ब्लोअर, उघड्या हवेत २० ते ३० सीएफएम देणारा, बॉल बेअरिंगचा. ९७ मिमीच्या घरातली चौकोनी गोगलगाय पुरते. ती १ ते ३ अँपिअर घेते.
– काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, १ इंची, सी-क्लास (जाडी ४ मिमी): पाऊण मीटर.
– काळा एमएस पाइप, दीड इंची: १ मीटर. अर्धा इंची: १ मीटर.
– दीड इंची कोपर १, टी (तीन तोंडांचा जोड) २, टोपी १. दीड-एक रिड्यूसर (मोठा पाइप लहानाला जोडणारा) १, दीड-अर्धा रिड्यूसर १. एक इंची टी १, आटे असलेल्या टोप्या २. हे सगळं काळ्या लोखंडाचंच.
– अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह १.
– ३ मिमी पत्र्याच्या दोन फ्लँजेस (जोडचकत्या) आणि वारा कमी-जास्त करायला त्यांच्यामध्ये सरकणारी २ मिमीची पट्टी.
– बिडाची जाळी, साधारण २० × २० सेंमी.
– भट्टीच्या विटा २० ते २५, फायर क्ले १० किलो, उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचा एक तुकडा.
– १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेची १२ व्होल्ट डीसी करणारा डबा), १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणि तिचा चार्जर, वेगाचा कंट्रोलर, ३ अँपिअरचा फ्यूज, एक चौरस मिमी वायर.
– हत्यारं: ड्रिल, ६ आणि ५ मिमीचे एचएसएस बिट, सेंटर पंच, गोल कानस, दोन पाइप पाने, लेव्हल, मोजपट्टी.

आता नको त्या वस्तू. जीआय पाइप जाळाजवळ घालू नका. त्यावरचं जस्त ४१९ अंशाला वितळतं. आणखी तापलं की त्याची पांढरी वाफ सुटते, आणि ती श्वासात गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दुकानदार ‘जीआय गंजत नाही’ म्हणून आग्रह करेल, ते खरंही आहे, पण हा पाइप नळाच्या पाण्यासाठी. वेल्डरने जीआयचा तुकडा वापरला तर त्याच्याही नाकात तेच जातं. पीव्हीसी ८० अंशाच्या आसपास मऊ पडतो. ब्लोअरच्या तोंडाशी वीतभर चालेल, त्यापुढे नाही. संगणकातला चपटा पंखा हवा भरपूर हलवतो, पण सहा मिमीच्या भोकांतून ढकलायचा दाब त्याला जमत नाही. जुन्या बाजारातल्या मोटारीच्या एसीच्या ब्लोअर मोटारी स्वस्त पडतात, १२ व्होल्टच्याही असतात, पण जोरात चालवल्या की दहा अँपिअरच्या पुढे जातात. तुमचा एसएमपीएस पहिल्याच मिनिटाला बसेल.

२३० व्होल्टचा भट्टीचा ब्लोअर घरात पडूनच असेल तर तो वापरता येतो. फक्त वेग कसा कमी करणार ते आधी ठरवा. कार्बन ब्रशची मोटार डिमरवर चालते. बिनब्रशची इंडक्शन मोटार डिमरवर गुणगुणते, तापते आणि शेवटी जळते. तिला पूर्ण वेगाने फिरू द्या आणि हवा पट्टीने कमी करा. पट्टी मिटल्याने अशा ब्लोअरवर ताण येतो असा समज आहे. प्रत्यक्षात हवा अडवली की त्याचा करंट उतरतो. मात्र पट्टी पूर्ण मिटून तासन् तास चालू ठेवू नका. मोटार ज्या हवेने थंड होते, तीच अडते.

३. चुलीची उंची नीट करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. खालपासून मापं अशी: राखेसाठी १० सेंमी मोकळी जागा, त्यावर जाळी, जाळीपासून पातेल्याच्या बुडापर्यंत १८ ते २० सेंमी. पातेलं टेकायच्या तीन उंचवट्यांमुळे बूड आणि चुलीचा काठ यांत दीड ते दोन सेंमी फट राहू द्या. फट त्याहून मोठी असेल तर आच बाजूने निघून जाते, लहान असेल तर जाळ तोंडातून बाहेर येतो.

आतल्या बाजूला भट्टीची वीट आणि फायर क्ले. सिमेंटचा सांधा आतून लावू नका. तापल्यावर त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि तो भुसभुशीत होतो. बाहेरून नेहमीचं माती-शेणाचं लिंपण छान टिकतं.

चुलीला वैल, म्हणजे शेजारचं दुसरं तोंड, असेल तर त्याच्यावर कायम काहीतरी ठेवलेलं असावं, नाहीतर झाकण. ब्लोअर चालू असताना चुलीत थोडा दाब तयार होतो आणि जाळ मोकळ्या वैलाकडे धावतो.

धुराडं असेल तर ब्लोअरच्या आधी ते साफ करा. धुराडं जेवढी हवा ओढू शकतं त्यापेक्षा जास्त हवा तुम्ही आत ढकलली तर उरलेला धूर तोंडातून तुमच्याकडेच येणार. आणि ब्लोअर लावला म्हणून बंद खोलीत चूल पेटवता येत नाही. धूर डोळ्यांना दिसला नाही तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि त्याला वास नसतो.

४. यू-पाइप

चुलीला तीन भिंती असतात, म्हणून हवेचा पाइपही इंग्रजी यू अक्षरासारखा. एक इंची सी-क्लास पाइपचे तुकडे घ्या. दोन बाजूंना २२ सेंमीचे. मागच्या २५ सेंमीत मधोमध एक इंची टी येईल अशा बेताने दोन्हीकडचे तुकडे कापा. कोपरे ४५ अंशात कापून जोडा. बाजूच्या तुकड्यांची तोंडाकडची टोकं वेल्ड करून बुजवू नका, आटे पाडून टोपी लावा. आट्यांवर ग्रॅफाइट चोळा, नाहीतर तापून अडकतात. सहा महिन्यांनी आत सळई घालून राख काढायची वेळ येईल तेव्हा या टोप्या लागतील.

भोकं ६ मिमीची, एकूण १२. प्रत्येक बाजूला चार, दोन भोकांत साधारण पाच सेंमी. सगळ्यांचं मिळून क्षेत्र ३४० चौरस मिमीच्या आसपास भरतं, पाइपच्या आतल्या क्षेत्राच्या सुमारे ६५ टक्के. हे प्रमाण महत्त्वाचं. भोकांचं क्षेत्र पाइपपेक्षा जास्त झालं तर भोकांतून निघणारी हवा सारखी राहत नाही: काहींतून वारा, काहींतून नुसती झुळूक. ‘हवा कमी वाटते, अजून चार भोकं पाडू’ हा मोह आवरा.

भोकं समोरासमोर नकोत. उजव्या बाजूची भोकं डाव्या बाजूच्या दोन भोकांच्या मधोमध यावीत, म्हणजे झोत एकमेकांवर न आपटता गुंफले जातात. आणि सगळी भोकं १० ते १५ अंश खाली झुकलेली. सरळ आडवी ठेवली तर थंड झोत जाळ पातेल्यापासून तोडतो. फार खाली झुकवली तर निखाऱ्यांवर वारा बसतो आणि राख उडते. आधी पंच, मग ड्रिल, मग आतल्या कडेची बुरी (ड्रिलने उठलेली धार) कानसने काढा. बुरीवर काजळी धरते आणि भोक लवकर बुजतं.

हा यू पातेल्याच्या बुडाखाली ६ सेंमीवर, भिंतीत खाच करून बसवा. पाइपचा भोकांचा भाग उघडा राहील, बाकी वीट-मातीत. पण घट्ट चिणू नका. २५ सेंमीचं लोखंड पाचशे अंशाला सुमारे दीड मिमी वाढतं. पाइपभोवती सिरॅमिक ब्लँकेटची पातळ पट्टी गुंडाळा आणि तोंडाकडच्या टोकांना ३ मिमी मोकळीक ठेवा. मोकळीक नसेल तर महिनाभरात भिंतीला कोपऱ्यातून तडा जातो आणि दोष मातीला दिला जातो. ब्लँकेट कापताना नाकाला मास्क, हातात मोजे. जुन्या पद्धतीची ॲस्बेस्टॉसची दोरी मिळाली तरी आणू नका.

खालची हवा सोपी आहे: अर्धा इंची पाइप मागच्या भिंतीतून जाळीखाली, टोक बंद, वरच्या अंगाला ५ मिमीची चार भोकं. भोकं दोन्ही कुशींना तिरकी पाडा. सरळ वर पाडली तर राख थेट आत पडते.

५. ब्लोअरची जागा आणि उतरता पाइप

यू-पाइपच्या मधल्या टीमधून रिड्यूसर लावून दीड इंची पाइप मागच्या भिंतीबाहेर काढा आणि सरळ ६० सेंमी आडवा न्या. तिथे कोपर लावून खाली उतरवा, किमान १५ सेंमी. उतरलेल्या पाइपच्या तळाशी टी: एक तोंड ब्लोअरकडे, खालचं तोंड टोपीने बंद. ब्लोअर असा यू-पाइपपेक्षा खालच्या पातळीवर येतो.

वीज गेली की चुलीतली गरम हवा या पाइपमधून परत फिरते. ब्लोअर वर असेल तर ती सरळ त्याच्यात चढते आणि प्लास्टिकचं चाक वितळवते. गरम हवा आपणहून खाली उतरत नाही, म्हणून हा उतार म्हणजे फुकटातलं कुलूप. वरून पडलेली राख टीच्या टोपीत साठते, महिन्यातून एकदा टोपी उघडून झटकायची.

उतार आणि ब्लोअर यांच्यामध्ये दुसरी टी, तिच्यातून खालच्या हवेची अर्धा इंची फांदी. फांदीवर बॉल व्हॉल्व्ह, चुलीपासून निदान ६० सेंमी लांब, कारण त्याच्या आतलं टेफ्लॉन उष्णता सोसत नाही. ब्लोअर आणि ही टी यांच्या मध्ये दोन फ्लँजेस आणि सरकती पट्टी. पट्टीला हातभर लांब दांडी ठेवा, जाळाशेजारी वाकायला लागू नये.

ब्लोअर चुलीपासून एक मीटर तरी दूर, विटेवर १० सेंमी उंच, पाऊस आणि भांडी विसळायचं पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. त्याचं चौकोनी तोंड दीड इंची पाइपला जोडायला पत्र्याचा नरसाळ्यासारखा तुकडा वेल्डर करून देतो. वाटेत कोपर एकच ठेवा, फार तर दोन. आत जाणाऱ्या हवेच्या बाजूला बारीक जाळी लावा. मागच्या अंगणातलं पान ब्लोअरच्या चाकात गेलं की तो खडखडतो आणि आठ दिवसांत बेअरिंग जातं.

६. वायरिंग

२३० व्होल्ट चुलीपासून लांब ठेवण्यासाठीच १२ व्होल्ट निवडलाय. एसएमपीएस घराच्या भिंतीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) प्लगवर. तिथून १२ व्होल्टची वायर पाइपातून ब्लोअरपर्यंत. फ्यूज धन बाजूला, बॅटरी किंवा एसएमपीएसच्या अगदी जवळ.

वेगासाठी ब्लोअरचा प्रकार बघा. दोनच वायरी आणि ब्रशची मोटार असेल तर साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणारा) चालतो. ब्रशलेस ब्लोअरच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. त्याला साध्या पीडब्ल्यूएमवर टाकलं की तो अडखळतो किंवा बंद पडतो. त्याला व्होल्टेज कमी-जास्त करणारा बक कन्व्हर्टर द्या, किंवा वेगाची वेगळी वायर असलेला ब्लोअर घ्या.

लाल-काळी उलटी जोडू नका. ब्रशची मोटार उलटी फिरते, आणि गंमत अशी की गोगलगायीतून हवा तरीही बाहेरच येते, फक्त फार कमी. ‘नवा ब्लोअर कमजोर निघाला’ म्हणून दुकानात परत नेलेल्यांनी आधी हे बघावं. ब्रशलेस ब्लोअर मात्र उलट जोडल्यावर कायमचा जाऊ शकतो.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं नवं नाही, म्हणून बॅटरी. ७ एएचची शिसे-आम्लाची बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे साडेतीन एएच. दीड अँपिअर घेणारा ब्लोअर त्यावर सव्वादोन तास चालतो. एका वेळचा स्वयंपाक होतो.

७. जाळाशिवाय चाचणी

चूल थंड असताना ब्लोअर मध्यम वेगावर चालवा. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तिथे गळती. मग पेटती उदबत्ती एकेका भोकासमोर धरा. बाराही ठिकाणी धूर साधारण सारखाच वाकला पाहिजे. एका बाजूचा कमी वाकत असेल तर त्या बाजूचं भोक बुजलेलं असतं किंवा कोपऱ्यात वेल्डिंगचा गोळा आत उतरलेला असतो. शेवटी जाळीवर मूठभर राख टाका आणि खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून वरचा वारा हळूहळू वाढवा. राख उडायला लागली की त्या जागी कंट्रोलरवर खडूने खूण करा. या खुणेच्या पुढे जायचं नाही.

८. पहिला जाळ

लाकूड मनगटापेक्षा बारीक, तीन-चार सेंमी जाडीचं, वाळलेलं. बाभूळ, सुबाभूळ, आंबा, निलगिरी काहीही. दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजल्या पाहिजेत. बद्द आवाज म्हणजे ओल आहे. फर्निचरच्या कारखान्यातल्या प्लायवूड आणि एमडीएफच्या पट्ट्या फुकट मिळतात, पण त्यातला डिंक जळून जो धूर निघतो तो अन्नाखाली नको. रंगवलेलं लाकूडही नको.

ढलप्या पेटवा. खालचा व्हॉल्व्ह पाव उघडा, वरची हवा नाममात्र असू द्या. दोन-तीन मिनिटांत लाकूड धरलं की खालचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करा आणि ब्लोअरचा वेग हळूहळू वाढवा. जाळ आधी लांब, लवलवता आणि पिवळा दिसतो. हवा पोचली की तो आखूड आणि स्वच्छ होतो, आणि पातेल्याच्या बुडाखालीच फिरतो. इथे थांबायचं. यापुढे वारा वाढवला तर जाळ तुटक होतो आणि पांढुरका धूर येतो: हवा जाळायच्या ऐवजी विझवतेय.

नवी चूल असेल तर पहिले दोन-तीन दिवस अर्धा-अर्धा तास मंद जाळ द्या. ओल सावकाश निघू द्या.

स्वयंपाक झाल्यावर लाकडं बाहेर ओढा आणि ब्लोअर सर्वांत कमी वेगावर दहा मिनिटं राहू द्या. वाहती हवा यू-पाइपला थंड ठेवते. भर जाळात ब्लोअर बंद केला की पाइप लाल होतो, त्याच्यावर खपले धरतात, आणि असं रोज झालं तर पाइप एका हंगामात खलास.

९. वीज गेली तर

क्रम पाठ करा आणि घरात सगळ्यांना सांगा. आधी पट्टी बंद. मग लाकडं थोडी बाहेर ओढा. मग बॅटरीकडे वळा. पट्टी उघडी राहिली तर न जळलेला वायू पाइपात शिरतो, आणि ब्लोअर पुन्हा सुरू झाल्यावर त्यात हवा मिसळून फट्‌कन आवाज होतो, तोंडातून जाळ बाहेर येतो. सुरू करताना चुलीच्या तोंडासमोर उभं राहू नका. बाजूला उभं राहून पट्टी उघडा आणि सर्वांत कमी वेगाने चालू करा.

१०. लाकूड तोलून बघा

फायदा झाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. मोठा जाळ दिसला की काम झाल्यासारखं वाटतं, म्हणून तोला. पाच लिटर पाणी, २५ अंशापासून उकळीपर्यंत. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशाला उकळतं. एवढ्या पाण्याला १.५३ मेगाज्यूल उष्णता लागते. पुरेशा वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे १६ मेगाज्यूल असतात. लाकूड ९०० ग्रॅम गेलं तर कार्यक्षमता साडेदहा टक्के, ४५० ग्रॅम गेलं तर एकवीस. उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात झाकून विझवा, थंड झाल्यावर तोला आणि त्यांच्या वजनाच्या दुप्पट लाकूड वजा धरा. हे माप एकदा ब्लोअर बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून घ्या.

भारतीय मानक आयएस १३१५२ (भाग १) : २०१३ मध्ये विकत मिळणाऱ्या, उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी किमान कार्यक्षमता दिलेली आहे: पंखा नसलेल्या चुलीला २५ टक्के, पंख्याच्या चुलीला ३५. घरच्या मातीच्या चुलीने ३५ गाठावं ही अपेक्षा ठेवू नका. भिंतीच बरीच उष्णता पितात. पण ब्लोअर लावून आकडा वाढलाच नाही, तर सहाव्या मुद्द्यातल्या वायरी आणि चौथ्या मुद्द्यातली भोकं पुन्हा तपासा.

११. नेहमीच्या तक्रारी

काळा धूर: वरची हवा कमी, किंवा चूल लाकडाने ठासून भरलीय. दोन-तीन काटक्यांवर चालवा.

पांढरा धूर: लाकूड ओलं किंवा हवा जास्त. वेग कमी करून बघा, फरक नाही पडला तर लाकूड बदला. जून ते सप्टेंबरमध्ये बहुधा लाकूडच दोषी असतं.

ठिणग्या आणि राख: खालचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय.

जाळ एकाच बाजूला: भोकं बुजली. टोप्या काढा, सळई फिरवा.

ब्लोअर गरम लागतो: उतार पुरेसा नाही किंवा पट्टी गळतेय. ब्लोअरच्या पाइपवर हात ठेवता आला पाहिजे.

बूड काळं होतंच: थोडी काजळी राहणार. चूल आहे, इंडक्शन नव्हे.

१२. खानावळीसाठी चूल असेल तर

एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना अन्नाच्या कोणत्याही व्यवसायाला लागतो, चूल असो वा गॅस. वीज घरगुती मीटरवरून घेऊ नका. तीस वॉटच्या ब्लोअरला कोण विचारतंय असं वाटतं, पण घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याच मीटरवर दिवे आणि फ्रिजही असतात. महावितरणकडे अर्ज करताना ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि भाड्याची जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र तयार ठेवा. जागा भाड्याची असेल तर भिंतीत भोक पाडण्यापूर्वीच हे पत्र घ्या. चुलीजवळ वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा, ब्लोअरच्या मागे लाकडाचा ढीग रचू नका. जागा वाचते म्हणून तो बरोबर तिथेच रचला जातो.